व्यवहारातला चौथा

अर्थशास्त्राच्या तासाला नाटकातले पद ऐकवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा वाटतो. शिक्षणाधिकाऱ्यांनी शिबिरात चर्चेला घ्यावा, दोन्ही बाजूंनी चार-चार मुद्दे फळ्यावर लिहावेत आणि चहाला उठावे, एवढाच त्याचा आवाका. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. मी हे पद ऐकवण्याचे काम हौसेने केले, त्याबद्दल कौतुकही करून घेतले. पण एका तासाला असा प्रसंग घडला की, या साध्या प्रश्नाच्या तळाशी एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे हे माझ्या लक्षात आले. दुसऱ्याचे दुःख आपण उदाहरण म्हणून वापरावे काय, आणि वापरलेच तर कोणत्या अटीवर, हा तो प्रश्न. त्याचा उलगडा मला पुरता झाला आहे असा माझा दावा नाही. तरी जेवढे उमगले तेवढे वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा प्रपंच.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पद वर्गात आले ते आमच्या भाषेच्या अडचणीतून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही सौंसरकर मध्य प्रदेशात राहिलो. पुढे जिल्ह्याचे नाव बदलले. छिंदवाड्याचे आम्ही २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्याचे झालो. घरची भाषा मात्र बदलली नाही. पोळा, गोटमार, जामसावळीचा मारोती, संत्र्याचा आंबिया बहार या सगळ्यांविषयी आम्ही मराठीतच बोलतो. शाळेतले पुस्तक मात्र हिंदीत असते. मुख्याध्यापक होण्याआधी मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवीत असे. पुस्तकात 'माँग की लोच' असा धडा असे. मुले तो पाठ करीत आणि परीक्षेत हुबेहूब उतरवून काढीत. 'लोच' म्हणजे काय, असे विचारले की खाली पाहात. व्याख्या हिंदीत राही, व्यवहार मराठीत राही, आणि दोघांची गाठ पडत नसे. ही गाठ कशी घालावी या विचारात असताना मला नाटकाची पदे आठवली.

आमच्या घरी वडिलांच्या वेळचा ग्रामोफोन होता. पुढे टेपरेकॉर्डर आला. बालगंधर्वांचा आवाज मी समज येण्याआधीपासून ऐकत आलो. एम.ए.ला नागपुरात असताना मार्शल आणि पिगू वाचले, पण त्या ग्रंथांचा आणि घरातल्या आवाजाचा काही संबंध असेल असे तेव्हा मनातही आले नाही.

संबंध जुळवून दिला तो एका विद्यार्थ्याने. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवीत होतो. पहिली पोळी भुकेल्याला अमृतासारखी लागते, दुसरी चांगली लागते, पाचवी नको होते. वस्तूचे नग वाढत गेले की पुढच्या प्रत्येक नगापासूनचे समाधान घटत जाते. आदल्या आठवड्यात स्नेहसंमेलनात मी बोलण्याच्या ओघात सांगितले होते की, गंधर्वांच्या एकेका पदाला प्रेक्षक पुन्हापुन्हा 'वन्स मोअर' देत आणि नाटक रात्रभर चाले. ते ध्यानात ठेवून तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मंग लोकं वन्स मोअर काहून मागतेत?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घरी जाऊन मार्शलचा १८९० सालचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्याने ही शंका ओळखलेली होती. चांगले संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते हे त्याला मान्य आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा की, यामुळे नियम मोडत नाही. कारण ऐकता ऐकता ऐकणारा माणूसच बदलतो, आणि नियम तर न बदललेल्या माणसाविषयी आहे. याच ठिकाणी मार्शलने आणखी एक उदाहरण शेजारी ठेवले आहे, ते दारूच्या व्यसनाचे. तेही सेवनाने वाढते, आणि माणसाला बदलून टाकते. संगीत आणि मद्य एका ओळीत बसलेले पाहून मला तेव्हा गंमत वाटली. त्या शेजारात किती अर्थ भरला आहे, हे कळायला पुढची काही वर्षे जावी लागली.

* * *

यानंतर मी नियमाने पदे वर्गात नेऊ लागलो. पहिले नाटक घेतले ते गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा'. १८९९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक किंमत, मागणी आणि पुरवठा शिकवण्यासाठी जणू मुद्दाम लिहिले आहे. भुजंगनाथ हा म्हातारा श्रीमंत. त्याला बायको हवी आहे. कांचनभट हा मुलीचा बाप. त्याला पैसा हवा आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. त्याला आपला वाटा हवा आहे. फळ्यावर मी तीन रकाने आखले. मागणी कोणाची, पुरवठा कोणाचा, दलाली कोणाची. आमच्या भागातल्या मुलांना यात समजावून सांगण्यासारखे काही नव्हते. झाडावर फळ हिरवे असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला ठोक भावाने कसा जातो, मधला माणूस दोन्हीकडून कसा घेतो, हे ती घरी पाहात असतात. नवऱ्याच्या वयाची थट्टा करणारे नाटकातले पद लावले, तेव्हा मागच्या बाकावर ठेकाही धरला गेला.

मग मी शारदेचे स्वतःचे पद लावले. आपले काय होणार या भीतीने गारठलेल्या मुलीचे ते पद आहे. ते संपल्यावर मी विचारले, "तीन रकाने भरले. आता ही मुलगी कोणत्या रकान्यात बसते?"

एक मुलगा म्हणाला, "सर, ती माल आहे. संत्र्याला कोण विचारते?"

मुले हसली. मुली हसल्या नाहीत. माझ्या ध्यानात राहिले ते ते न हसणे. त्या दिवशी मला जो मुद्दा सापडला तो आजही मी या विषयातला माझा सर्वांत मोलाचा मुद्दा मानतो. अशा व्यवहारात चौघे असतात. घेणारा, विकणारा, मधला, आणि ज्याच्या अंगावर व्यवहार घडतो तो. आपले शास्त्र पहिल्या तिघांची विचारपूस करते. किती देशील, कितीला देशील, मधे किती ठेवशील. चौथ्याला ते काही विचारत नाही, कारण त्याच्याजवळ द्यायला किंमत नसते. सौदा दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने झाला, सबब दोघांचेही समाधान वाढले, असा निकाल पुस्तक देऊन मोकळे होते. भुजंगनाथ राजी, कांचनभट राजी, भद्रेश्वर तर फारच राजी. पुस्तकाच्या हिशेबाने हा उत्तम बाजार झाला. पद काय करते, तर या राजीखुशीच्या मधोमध चौथ्याला उभे करते आणि त्याला तोंड फोडते. शारदा गाऊ लागली की, किंमत ठरवताना कोणाला विचारलेच नव्हते हे हिंदी-मराठीच्या अडसराशिवाय, व्याख्येशिवाय, दहा मिनिटांत कळते.

१९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो सारडा कायदा म्हणून ओळखला गेला, आणि आमच्याकडची मुले त्याचा संबंध हमखास 'शारदा' नाटकाशी लावतात. मी ती चूक दुरुस्त करतो, पण मनातून ती मला आवडते. नाटकाने कायदा झाला असे म्हणता येणार नाही. मात्र चौथ्याचे म्हणणे तीस वर्षे लोकांच्या कानावर पडत राहिले असेल, तर कायद्याला ऐकणारे कान थोडे तयार मिळाले असतील, एवढे म्हणायला हरकत नसावी.

* * *

दुसरे नाटक 'एकच प्याला'. याच्याशी तर आमचे शेजारपणाचे नाते आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले ते सावनेरला. सौंसरहून नागपूरला जाताना सावनेर वाटेवरच लागते. आमच्या लहानपणी नॅरोगेजची गाडी तिथे थांबली की वडील खिडकीतून बोट दाखवून म्हणत, "गडकरी इथे गेले." ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, पुढे रूळ रुंद झाले, पण सावनेर आले की माझे बोट अजून आपोआप उचलले जाते. गडकऱ्यांचे वय तेव्हा अवघे तेहतीस होते. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेला त्यांनी पाहिला नाही; त्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर गंधर्व नाटक मंडळीने तो बडोद्याला केला. त्यातली पदेही बहुतांशी त्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. श्रमविभागणी शिकवताना मी हेच उदाहरण देत असे. गद्य एकाचे, पद्य दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा, आणि प्रेक्षकाला मिळते ती एकच सिंधू.

या सिंधूकडून मी दोन धडे घेत असे. पहिला राष्ट्रीय उत्पन्नाचा. सधन घरातली ही मुलगी नवऱ्याच्या व्यसनापायी दळण दळायला बसते. जाते तेच, हात तेच. लोकांचे पीठ दळले आणि मजुरी घेतली तर ते राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. आपल्या पोरासाठी दळले तर धरले जात नाही. पिगूने १९२० मध्ये स्वयंपाकिणीचे उदाहरण देऊन हीच विसंगती दाखवली होती. मालकाने तिच्याशी लग्न केले की काम तेवढेच राहते, राष्ट्राचे उत्पन्न मात्र घटते. वर्गात मी सरकारी पाहणीचा आकडाही सांगत असे. २०१९ च्या वेळेच्या उपयोगाच्या पाहणीत, घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आकडा ऐकून मुले वहीत उतरवून घेत. सिंधूचे पद ऐकून लिहिणे थांबवीत.

दुसरा धडा मागणीच्या लवचिकतेचा, ज्यासाठी मुळात हा सगळा खटाटोप. दारूची मागणी अलवचिक असते. भाव वाढला तरी पिणारा फारसे कमी करत नाही. मी फळ्यावर मांडले: समजा पेल्याला पन्नास रुपये पडतात आणि महिन्याला वीस पेले लागतात, खर्च हजार रुपये. कर वाढला, भाव पंचावन्न झाला. पिणाऱ्याने वीसचे एकोणीस केले. खर्च किती? एक हजार पंचेचाळीस. म्हणजे पेला कमी झाला आणि खर्च पंचेचाळीस रुपयांनी वाढला. अशा वस्तूवरचा कर सरकारला का सोयीचा, हे इथे सहज कळते. बंदी घातल्याने तरी मागणी मरते का, हेही विचारता येते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. त्या सहा वर्षांवर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे आमच्या भागात पाहुणी म्हणून येतच असतात.

त्या दिवशी, सात-आठ वर्षांपूर्वी, मी हे गणित मांडले, सिंधूचे पद लावले, आणि ते संपल्यावर मोठ्या नाटकी आवाजात विचारले, "हे वरचे पंचेचाळीस रुपये कुठून आले? सांगा, कोणाच्या ताटातून आले?"

मागून एक आवाज आला, "सर, हिला विचारा. हिला माहीत आहे."

सारा वर्ग एका मुलीकडे वळला. काही हसले. तिच्या घरची गोष्ट वर्गाला ठाऊक होती, मला नव्हती. ती उभी राहिली. मी 'बस' म्हणायच्या आत शांतपणे म्हणाली, "सर, ते गाणं परत लावू नका." आणि खाली बसली. तासाची घंटा व्हायला अजून बारा मिनिटे होती. ती बारा मिनिटे मी फळ्यावर पुढचे गणित सोडवीत काढली. वर्गाकडे तोंड करायचा धीर झाला नाही.

* * *

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे की, माझे नेमके चुकले कुठे.

आमच्या एका जुन्या, गणिताच्या सहकाऱ्यांना हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "म्हणून मी सांगत असतो, आकड्यातच राहावे. आकड्याला घर नसते, आडनाव नसते. आकडा कोणाला टोचत नाही." त्यांचे म्हणणे मला पटता पटता पटले नाही. २९९ मिनिटे हा आकडा कोणाला टोचला नाही हे खरे. पण टोचला नाही म्हणूनच तो वहीत उतरला आणि तिथेच राहिला. चौथा जोपर्यंत सरासरीत आहे तोपर्यंत त्याचा कोणाला त्रास नाही, आणि त्यालाही कोणाचा उपयोग नाही. त्या मुलीला दुखावले म्हणून सिंधूला वर्गाबाहेर काढायचे, तर व्यवहारातल्या तिघांचीच बाजू शिकवायची, असा त्याचा अर्थ होईल. हे मला मान्य नव्हते.

दुसरे एक उत्तर पाठ्यपुस्तकी नीतिशास्त्र देते. कोणाही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने १७८५ साली सांगितले. मी त्या मुलीला वापरायचे ठरवले नव्हते. मला तर काहीच माहीत नव्हते. तेव्हा हेतू शुद्ध होता असे म्हणून सुटता आले असते. पण तीस-पस्तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाने आमच्यासारख्या गावात, चाळीस मुलांच्या वर्गात, असे एकही घर नसेल असे गृहीत धरावे? मला ठाऊक नव्हते हे खरे. मी ठाऊक करून घेतले नव्हते हे अधिक खरे. सिंधूचे दुःख माझ्या लेखी नाटकातले होते, गोड होते, आणि 'वन्स मोअर' देण्याजोगे होते. मार्शलच्या त्या दोन शेजाऱ्यांचा अर्थ मला इथे कळला. गोडी माणसाला बदलते. मला पद वर्गात लावायची गोडी लागली होती, आणि ज्या दुःखाविषयी ते पद होते ते दुःख दर खेपेस थोडे थोडे मागे सरत गेले होते. पुढे उरला होता माझा गाजलेला तास.

मग 'शारदे'चे चार जण पुन्हा डोळ्यापुढे आले. माझ्या वर्गात घेणारे कोण होते? विद्यार्थी, ज्यांना धडा हवा होता. देणारे पुस्तक होते. मधला मी. दुःख एकीकडून उचलून दुसरीकडे समज म्हणून पोचवणारा, आणि मधल्यामधे वाहवा ठेवून घेणारा. चौथी ती मुलगी होती. तिला कोणी विचारले नव्हते. चौथ्याला बोलते करण्याचा धडा शिकवता शिकवता मी भद्रेश्वर दीक्षितांच्या जागी जाऊन बसलो होतो, हे मान्य करणे मला जड गेले. पण हिशेब तसाच येतो.

आणखी एक गोष्ट मी तोवर नीट पाहिली नव्हती. शारदेचे शब्द देवलांचे. ते गाणारा नट पुरुष. सिंधूचे शब्द गुर्जरांचे, गाणारे बालगंधर्व. या नाटकांत चौथा बोलतो तो उसन्या तोंडाने. ही उसनवारी थोर आहे, तिचे ऋण मोठे आहे, पण ती उसनवारी आहे. याच्या उलट सत्यशोधक जलसे पाहावेत. सावकार, कुळकर्णी आणि शेतकरी यांचा व्यवहार त्यांनी गाऊन सांगितला, आणि गाणारे बहुधा त्याच व्यवहारातले होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणी, गाव आणि कर्ज यांचे अर्थशास्त्र लोकनाट्यातून लोकांपुढे मांडले. तेही जगून आलेले होते. आणि जात्याचेच म्हणायचे तर, हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत दळणारणीच बोलतात. त्यांच्यासाठी कोणी पद रचलेले नाही.

जर्मनीत ब्रेख्तला ही अडचण वेगळ्या बाजूने जाणवली होती. १९२८ साली बर्लिनमध्ये आलेले त्याचे आणि कुर्ट वाइलचे 'थ्री पेनी ऑपेरा' चोर, भिकारी आणि धंदेवाले यांच्यातला फरक किती थोडा आहे हे गाऊन सांगणारे नाटक. पु. ल. देशपांड्यांनी १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून ते मराठीत आणले. ब्रेख्तची भूमिका अशी की, गाणे सुरू होताना प्रेक्षकाला ते गाणे आहे हे स्पष्ट दिसावे. त्यात विरघळून न जाता त्याने विचार करीत बसावे. तरीही बर्लिनमध्ये ज्या सुखवस्तू लोकांवर टीका होती त्यांनाच ती गाणी आवडली. गोडी ही अशी चिवट चीज आहे. भल्याभल्यांच्या हातून ती निसटते, मग माझ्यासारख्या हायस्कूलच्या मास्तरची काय कथा.

* * *

मग आता मी काय करतो? पदे मी सोडलेली नाहीत. पण तीन नियम मात्र स्वतःला घालून घेतले आहेत, आणि मुख्याध्यापक या नात्याने नव्या शिक्षकांना ते सांगतोही.

पहिला नियम: नाटकातले उदाहरण नाटकातच ठेवायचे. सुधाकराचा खर्च सुधाकराच्याच वहीत मांडायचा. 'तुमच्या घरी काय होते' असे वर्गात कोणालाही विचारायचे नाही. ज्याला आपले सांगायचे असेल तो सांगेल; त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे, पण आपण होऊन त्याला दारातून ओढायचे नाही. दुसरा: पद संपल्यावर लगेच हिशेब करायचा. पद डोळ्यांत पाणी आणून सोडून देते, आणि त्या पाण्याला आपण समज मानतो. पंचेचाळीस रुपयांचे गणित त्या पाण्याला थोडे उत्तरदायी करते. आणि उलट, नुसते गणित करून थांबायचे नाही. ते पंचेचाळीस रुपये कमी पडलेल्याचा आवाज ऐकवायचा. तिसरा: टिंगल करणाऱ्याला त्याच क्षणी थांबवायचे, फळ्याकडे वळायचे नाही. त्या बारा मिनिटांची पाठ मला अजून आठवते.

यांतून एक गृहपाठ निघाला. सगळ्या मुलामुलींनी, एकूणएक, आपल्या घरातल्या एका मोठ्या बाईचा एक दिवस तासांत लिहून आणायचा. कोणाच्या घरी काय प्रश्न आहे, हे त्यात विचारलेले नाही. फक्त कितीला उठली, काय केले, किती वेळ केले, कितीला निजली. शेवटी त्या कामाला गावच्या मजुरीच्या दराने किंमत लावायची. सर्वांनाच करायचे असल्यामुळे कोणीएक उघडा पडत नाही. ज्यांच्या घरी दारूचा थेंब नाही त्यांच्याही वहीत आई साडेचारला उठलेली निघाली. मुले एकमेकांच्या वह्या पाहून गप्प झाली. वर्गातला चौथा अचानक एकटा राहिला नाही.

त्या मुलीनेही तो गृहपाठ केला होता. दिवस नीट, तासातासाने लिहिलेला होता, बेरीज बरोबर होती. शेवटच्या रकान्यात किंमत लावायची जागा तिने कोरी ठेवली होती. मी ती वही गुण न देता, शेरा न लिहिता परत केली. कोरी जागा चुकून राहिली की मुद्दाम ठेवली, हे मी तिला विचारले नाही. पुढे ती बारावी होऊन गेली. तिने मला माफ केले की नाही हे मला माहीत नाही, आणि ते सांगण्याचे कर्जही तिच्याकडे नाही.

आमच्या शास्त्रात किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत आणि आम्ही आयुष्यभर पहिल्या शब्दाच्या मागे धावतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा शेजारी ठेवून हा पेच दाखवला. नंतरच्या पंडितांनी तो सीमांत उपयोगितेने सोडवला, आणि किंमतीपुरता तो सुटलाही. मोलापुरता तो दर वर्गात नव्याने पडतो. पदाने तो सुटत नाही. पद एवढेच करते की, सौदा पुरा झाला, पावती फाडली, सगळे उठले, असे वाटत असताना कोणीतरी अजून बोलायचे राहिले आहे याची आठवण करून देते. त्या बोलणाऱ्याला मान देऊन ऐकायचे, की त्याच्या आवाजाला 'वन्स मोअर' देऊन घरी जायचे, हे मात्र पद आपल्यावर सोडते.

अजूनही वर्षातून एकदा, मुलांच्या आग्रहाखातर, मी शारदेचे पद लावतो. सिंधूचे लावत नाही. तिची गोष्ट सांगतो, जात्याची सांगतो, गणित मांडतो. तेवढ्यावर मुलांना कळते. आणि कोणी विचारलेच, "सर, ते गाणं नाही का तुमच्याकडे?" तर सांगतो, "आहे. पण ते परत लावू नका असं मला कोणीतरी सांगितलं आहे."